शार्क आणि पाकटांचे बारीक जीवाश्म दात: गोव्यात गाळ कुठला घ्यायचा, वेचायचे कसे?

खाजनकाठ (तिसवाडी)

मी शाळेत विज्ञान शिकवते. कच्छच्या गाळातून वेचलेले पाकटाचे (शार्कच्या नात्यातला चपटा मासा) दात एका प्रदर्शनात सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला मिळाले. मोहरीहून लहान, पण चकाकी अजून शाबूत. तेव्हापासून मनात आहे की नववीच्या मुलांना हे काम स्वतःच्या हातांनी करू द्यावं.

शार्कचा दात म्हटला की सगळ्यांना तळहाताएवढा मेगालोडॉनचा (नामशेष महाकाय शार्कचा) त्रिकोण आठवतो. माझं मत असं की एक-दोन मिलिमीटरच्या दातांकडे आपण फारच कमी बघतो. समुद्रातल्या मुशी (शार्क) आणि पाकटांच्या बऱ्याच जाती लहान असतात किंवा त्यांचे दात तरी लहान असतात. नुसते मोठे दात उचलले तर त्या जुन्या समुद्रात कोण कोण होतं हे कधीच कळणार नाही.

तर गोव्यात असा गाळ मिळेल का? घरच्या टबांवर आणि चाळण्यांवर काम भागेल का? आणि मुलांनी उचललेला कण दातच आहे, हे ओळखायचं कशावरून?

रानवाट (वाळपई)

गोव्यात जांभा सोडून काय आहे? मी सत्तरीत लहानाचा मोठा झालो, जीवाश्म म्हणून एक शिंपलाही कधी बघितला नाही. मुलांना थेट कच्छला न्या.

दगडफूल (पुणे)

रानवाट, तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि त्याला कारणं आहेत. गोव्याचा बहुतेक पाया धारवाडी खडकांचा आणि नाइसचा (पट्टेदार रूपांतरित खडक). हे साधारण २५० कोटी वर्षांपूर्वीचे, काही त्याहूनही जुने. शार्कचे ओळखू येणारे सर्वांत जुने दात ४० कोटी वर्षांच्या आसपासचे. म्हणजे खडक तयार झाले तेव्हा दात असलेला प्राणीच जगात नव्हता. सत्तरीच्या ईशान्य कोपऱ्यात दख्खनचा काळा दगड येतो, पण तो लाव्हा. आणि जांभा होताना खडकातून आम्लधर्मी पाणी इतकं झिरपतं की चुना आणि फॉस्फेट धुऊन जातात आणि लोह, अॅल्युमिनियम मागे राहतं. त्यात दात टिकणं कठीण.

आता दात का उरतात तेही सांगतो. शार्क आणि पाकटांचा सांगाडा कूर्चेचा, तो कुजून जातो. दात मात्र फॉस्फेटचे, वर इनॅमलसारखं टणक आवरण. शिवाय हे प्राणी आयुष्यभर दात टाकत राहतात, मागच्या ओळीतला पुढे सरकतो. काही जातींत एकाच प्राण्याचे असे हजारो दात समुद्रतळावर पडतात. त्यामुळे योग्य थर मिळाला तर दात भरपूर असतात, फक्त बारीक असतात.

भारतात असे थर बरेच आहेत. कच्छचे इओसीन आणि मायोसीन (डायनोसॉरनंतरच्या काळातले) थर, सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीतले सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचे थर, ओडिशात मयूरभंजमधले बारीपदाचे मायोसीन थर, तमिळनाडूत अरियलूरकडचे क्रिटेशिअस (डायनोसॉरच्या शेवटच्या काळातले) थर, केरळात कोल्लमजवळचे मायोसीन थर. गोव्याला सर्वांत जवळचं यातलं काही असेल तर वस्तान, आणि तेही जवळ म्हणवत नाही.

आंबटतीख (मडगाव)

आमच्या घरी मोरीची (लहान शार्कची) आंबट-तीख झाली की डोकं कचऱ्यात जातं. यापुढे सगळी डोकी मॅडमच्या शाळेत पोचवीन. मुलांना दात मिळतील, मला फोडी.

सुरंगी (पेडणे)

आंबटतीख, तुम्ही हसत लिहिलंत, पण पहिला धडा तोच असायला हवा! जीवाश्म ओळखायला आधी ताजा दात हातात फिरवलेला असावा लागतो. मी मासळी बाजारात ओळखीच्या बायकडून लहान मोरीची डोकी मागून आणते. ती आनंदाने देते, कारण डोकं कोणी नेत नाही. कोमट पाण्यात थोडी साबणपूड घालून डोकं ठेवलं, पाणी बदलत राहिलं की मांस सुटतं. उकळायची घाई करू नये, कूर्चा विरघळते आणि कुठला दात वरच्या जबड्यातला, कुठला खालच्या, हे हातातून जातं. मी दात सुटायच्या आधीच एकेक चिमट्याने काढून काळ्या कार्डावर त्याच क्रमाने चिकटवते. वरचे, खालचे, मधले, कडेचे. एकाच तोंडात किती आकार असतात ते बघून मुलं थक्क होतात. हे ज्याने बघितलं तो पुढे दोन वेगळे दात म्हणजे दोन वेगळ्या जाती असं पटकन म्हणत नाही.

पाकटाचं तोंड तर जरूर दाखवा. त्यात टोकदार असं काही नसतं, फरशी घातल्यासारखे बारीक चपटे दात. वागळ्यांच्या (हाही पाकटांचाच एक गट) काही जातींत विणीच्या काळात नराचे दात टोकदार होतात आणि मादीचे चपटेच राहतात. गाळात हे दोन्ही सुटे सापडले तर नवखा माणूस दोन प्राणी समजेल.

एक काळजी घ्या. व्हेल शार्क, करवत मासा यांसारख्या काही जाती १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. त्यांचा कुठलाही भाग घेऊ नका. बाजारात रोज दिसणारी छोटी मोरी पुरेशी आहे.

खाजनकाठ

सुरंगीताई, हे फार उपयोगी! दगडफूलकाका, म्हणजे गोव्यात काहीच नाही असं धरून चालू का?

दगडफूल

जीवाश्म खडक नाही. गाळ मात्र आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुगाच्या ऐन भरात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. बर्फ वितळला, पाणी वर आलं आणि मांडवी-झुआरीची मुखं बुडाली. तेव्हापासून खाडीत जो चिखल साचत गेला, त्यात त्याच खाडीत चरणाऱ्या पाकटांचे दात असणारच. त्यांना जीवाश्म म्हणता येणार नाही, वय काही हजार वर्षांच्या आतलं. पण पद्धत शिकायला यापेक्षा चांगला गाळ नाही. कुणाची खाण नको, कुठला दुर्मिळ थर खणायला नको.

रानवाट

हे पटलं. खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) मानशीजवळ (पाणी आतबाहेर सोडायच्या दाराजवळ) साफसफाईत काढलेला चिखल बांधावर पडलेला असतो. शेतकऱ्याला विचारून दोन घमेली घेतली तर कोणी नाही म्हणणार नाही.

वेताळटेकडी (पुणे)

मी एमएस्सीला सूक्ष्म जीवाश्मांवरच काम केलं, म्हणून धुण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. या कामाचा नव्वद टक्के भाग धुणं आणि वाळवणं आहे, आणि तिथेच बहुतेक दात वाचतात किंवा मोडतात.

गाळ आधी उन्हात ठणठणीत वाळवा. ओला चिकणमातीचा गोळा पाण्यात टाकला तर तसाच बसून राहतो. पूर्ण वाळलेला टाकला की पाणी भेगांतून आत शिरतं, बुडबुडे येतात आणि गोळा आपोआप फुटत जातो. म्हणून गोव्यात हे काम पावसाळ्यात करू नका, एप्रिल-मेमध्ये गाळ वाळवून डब्यात भरून ठेवा. वाळल्यावर वजन करा आणि लिहून ठेवा. किती किलोत किती दात, हे नंतर फक्त त्या वजनावरूनच सांगता येतं.

मग बादलीत भरपूर पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. फुटत नसेल तर धुण्याचा सोडा थोडा घाला. खडकासारख्या घट्ट मातीला आधी केरोसीन पाजून मग गरम पाणी घालायची पद्धत आहे, सेंद्रिय काळ्या शेल दगडाला हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. खाजनाच्या चिखलाला यातलं काही लागू नये.

चाळण्या दोन: वर २ मिलिमीटर, खाली अर्धा मिलिमीटर. प्रयोगशाळेच्या चाळण्या महाग असतात, पण स्क्रीन प्रिंटिंगचं कापड हव्या त्या बारीक विणीचं मिळतं, ते लाकडी चौकटीवर ताणून बसवलं की झालं. चाळणी टबातल्या पाण्यात अर्धी बुडवून आडवी हलवा. हाताने चोळू नका, नळाची धार थेट सोडू नका, पाकटाच्या दाताचं मूळ तिथेच तुटतं. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धीर धरा. टबातला चिखल गटारात ओतू नका, झाडांना घाला. (खाऱ्या चिखलाचं पहिलं पाणी सोडून. ते झाडांना मारतं.)

खाडीचा गाळ शेवटी गोड्या पाण्याने नीट धुवा, नाहीतर वाळल्यावर प्रत्येक कणावर मिठाचे स्फटिक चढतात. आणि दोन जागांचे नमुने असतील तर मधे चाळणी मेथिलीन ब्लूच्या द्रावणात बुडवून घ्या. आधीच्या नमुन्यातला अडकलेला कण निळा पडतो, तो पुढच्या नमुन्यात आला तर लगेच ओळखू येतो. शाळेत दोन गट काम करणार असतील तर हे नक्की करा.

कोकणकडा (वेंगुर्ला)

केरोसीन आणि आम्ल शाळेत अजिबात नको. माझा अनुभव उलट आहे. वाळवा, भिजवा, परत वाळवा, परत भिजवा. कुठलंही रसायन न घालता दोन-तीन फेऱ्यांत बरीच माती फुटते. वेळ लागतो, पण मुलांना थांबायला शिकवणं हा तोटा नाही.

वेताळटेकडी

मुलांसाठी शंभर टक्के मान्य. आम्लाचं एवढंच सांगते की चुनखडीतले दात काढायला सौम्य असेटिक आम्ल वापरतात, कारण चुना विरघळतो आणि फॉस्फेटचा दात बऱ्यापैकी टिकतो. ते प्रयोगशाळेचं काम. शाळेत व्हिनेगरचा एक थेंब पुरे: शंख-शिंपल्याचा किंवा माशाच्या कानातल्या खड्याचा तुकडा बुडबुडे सोडतो, दात सोडत नाही. थेंब नेहमी फालतू तुकड्यावर टाकावा, चांगल्या नगावर नाही.

आंबटतीख

कानातला खडा म्हणजे बांगड्याच्या डोक्यात सापडतो तो का? लहानपणी आम्ही ते जमवायचो!

सुरंगी

तोच. तुमच्या घरची सगळी डोकी आता खरंच शाळेत पाठवा.

जुनाजहाजी (वास्को)

मी बरीच वर्षं संशोधन जहाजांवर तंत्रज्ञ होतो. धाग्यात गोवा आणि शार्कचे दात आले आणि दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा उल्लेख नाही, म्हणून लिहितो.

खोल समुद्रात, जमिनीपासून हजारो किलोमीटरवर, गाळ अतिशय हळू साचतो, हजार वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर. तिथे पडलेला दात लवकर पुरला जात नाही. त्यावर मँगनीज आणि लोहाचा थर चढत जातो आणि कित्येक दशलक्ष वर्षांत बटाट्याएवढा गोळा होतो. हेच ते बहुधातू गोटे. गोटा कापला की मधे कधी ज्वालामुखी खडकाचा तुकडा असतो, कधी शार्कचा दात. १८७२ ते १८७६ च्या चॅलेंजर मोहिमेने पॅसिफिकच्या लाल मातीतून असे दात जाळ्यात वर काढले होते. आपल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या गवेषणी जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी हिंदी महासागरातून भारताचा पहिला गोटा काढला, आणि नंतर मध्य हिंदी महासागरातल्या गोट्यांतही शार्कचे दात मिळाले.

गोटा फुटून आतून तपकिरी चकचकीत दात निघतो तेव्हा डेकवर सगळे काम टाकून जमतात. संस्थेच्या खुल्या दिवशी मुलांना न्या आणि गोटे दाखवा.

वेताळटेकडी

जुनाजहाजीकाका, वाचून अंगावर काटा आला. त्याच लाल मातीत दातांहून बारीक गोष्टही असते: शार्कच्या कातडीवरचे खवले. मोरी शेपटीकडून डोक्याकडे चोळली की हाताला खरखरीत लागते ते हेच. सुटे झाले की अर्ध्या मिलिमीटरच्याही खाली. २०२१ मध्ये एलिझाबेथ सिबर्ट आणि लिआ रुबिन यांनी पॅसिफिकच्या तळातल्या गाळातले असे खवले मोजून मांडलं की सुमारे १ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी खुल्या समुद्रातले शार्क ९० टक्क्यांहून जास्त घटले. त्यावर आक्षेपही आले, कारण खवल्यांच्या संख्येवरून शार्कची संख्या काढणं इतकं सरळ नाही. वाद काही असो, एवढा मोठा प्रश्न डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांवरून विचारता येतो, याचं मला अप्रूप आहे.

शेवंती (फोंडा)

मी इतिहासाची विद्यार्थिनी. थोडं अवांतर चालेल ना? युरोपात माल्टा बेटावर मिळणाऱ्या या दातांना सापांच्या जिभा दगड झाल्या असं मानत आणि विषावर उतारा म्हणून वापरत. १६६६ मध्ये इटलीत लिव्होर्नोजवळ पकडलेल्या एका मोठ्या शार्कचं डोकं निकोलस स्टेनोने चिरलं आणि पुढच्या वर्षी लिहिलं की हे दगड म्हणजे शार्कचेच दात. गाळाचे थर एकावर एक साचतात, खालचा आधीचा, हा विचार तो पुढे मांडू शकला तो याच वाटेने.

आणि त्याच शतकात आपल्या गोव्यात जेझुइट लोक विषावरचाच दुसरा उतारा बनवत होते: गोवा स्टोन. कस्तुरी, अंबर, शिंपल्यांची पूड, रत्नांचा चुरा मळून केलेला गोळा, सोन्याच्या जाळीदार डबीत ठेवलेला. युरोपातले श्रीमंत तो खरवडून पेयात घालून पीत. माल्टाचा दात आणि गोव्याचा गोळा एकाच भीतीवर विकले जात होते.

रानवाट

शेवंतीताई, अवांतर कसलं, हे मुलांना नक्की सांगा.

दगडफूलकाका, एक प्रश्न राहिला. दख्खनचा लाव्हा म्हणजे काहीच नाही असं म्हणालात. पण लाव्हाच्या दोन थरांच्या मधे गाळ असतो ना?

दगडफूल

उत्तम प्रश्न, रानवाट. असतो, आणि त्यातच या विषयाची माझी सर्वांत आवडती गोष्ट आहे. चंद्रपूरला लागून तेलंगणात आसिफाबाद आहे. तिथे दख्खनच्या लाव्हाशी निगडित गाळातून पाकटाचे बारीक दात मिळाले. जी. व्ही. आर. प्रसाद आणि आंरी कापेटा यांनी १९९३ मध्ये त्या पाकटाला इग्डाबाटिस इंडिकस नाव दिलं. इग्डाबाटिस हा वंश (जीनस) कापेटा यांनी १९७२ मध्ये आफ्रिकेतल्या नायजरमधून वर्णन केला होता. तो क्रिटेशिअसच्या शेवटच्या टप्प्याचा. म्हणजे लाव्हाचं वय क्रिटेशिअसच्या अखेरीला, ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपास नेऊन बसवणाऱ्या पुराव्यांत पाकटाचे हे चिमुकले दातही आहेत. आपण सह्याद्रीत ज्या दगडावर चढतो त्याची तारीख शोधायला पाकट मदतीला आला! गोव्याच्या कोपऱ्यात मात्र असे दातांचे थर नोंदलेले माझ्या वाचनात नाहीत.

कोकणकडा

वेचण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. काळी फरशी किंवा काळा कागद घ्या, त्यावर पांढऱ्या रेघा मारा. वाळलेला चाळ (चाळणीत उरलेले कण) त्यावर कणांचा एकच थर होईल इतका विरळ पसरा. शून्य-शून्य-शून्य नंबरचा ब्रश ओठांना नाही, ओल्या स्पंजला लावा, आणि टोकाने कण उचला. दिवा बाजूने, तिरपा उजेड पडेल असा ठेवा, म्हणजे इनॅमलची चकाकी उठून दिसते. एक रेघ संपल्याशिवाय दुसरीवर जायचं नाही. दहापट भिंग चालतं, वीसपट सूक्ष्मदर्शक असेल तर उत्तम. डोळे लवकर थकतात, मुलांना अर्ध्या तासाच्या वर बसवू नका. आणि मोडका तुकडाही घ्या, सुंदर तेवढेच उचलले तर मॅडमचा पहिला मुद्दाच बाद होतो.

गोव्याला एक खास अडचण आहे. दाताचं फॉस्फेट वाळूच्या क्वार्ट्झपेक्षा जड, म्हणून काही लोक थाळीत घोळवून जड कण वेगळे करतात. इथे नदीच्या गाळात लोहखनिजाचे कण भरपूर, ते त्याहून जड, आणि तेही काळे-तपकिरी चकचकीत. घोळवल्यावर दात आणि खनिज एकत्रच बसतात. लोहखनिजांपैकी चुंबक फक्त मॅग्नेटाइट उचलतं, हेमटाइट नाही. तेव्हा थाळी सोडा, डोळ्यांनीच वेचा.

खाजनकाठ

आणि ओळखायचं कशावरून? रंगावरून का?

सुरंगी

रंगावर भरवसा नको, ताई. काळ्या चिखलात पुरलेला आजचा दातही काळसर होतो. रंग गाळातल्या खनिजांवरून येतो, वयावरून नाही. वर चकचकीत मुकुट आणि खाली निस्तेज, सच्छिद्र मूळ, असे दोन भाग दिसतात का बघा. वागळ्याच्या दाताचं मूळ मधल्या खाचेने दोन पायांसारखं दुभंगलेलं असतं. गरुड पाकटाचं मूळ कंगव्यासारखं, अनेक समांतर पट्ट्यांचं. साध्या माशाचा दात बहुधा नुसता शंकू, असं मूळ त्याला नसतं. खेकड्याच्या नांगीचं टोक आणि समुद्री साळूचा (सी अर्चिनचा) काटा सगळ्यात जास्त फसवतात. ते तुमच्या ताज्या दातांच्या कार्डाशेजारी ठेवा, शंका फिटते.

आंबटतीख

एवढं वाचून मी मोरीचं डोकं आज खरंच बाजूला काढून ठेवलं. बायको विचारते आहे की फ्रीजमधे हे काय.

खाजनकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. असं ठरवते आहे: आधी ताजी डोकी आणि दातांचं कार्ड. मग शेजारच्या खाजनातला, शेतकऱ्याच्या परवानगीने घेतलेला चिखल, उन्हाळ्यात वाळवून. जीवाश्म गाळासाठी विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला पत्र लिहिणार आहे. त्यांच्याकडे कच्छचा धुतलेला, वेचून झालेला उरलेला चाळ असेल तर मुलांना पुन्हा वेचायला मागते. स्वतः जाऊन थर खणायचा विचार सोडला.

दगडफूल

फार चांगलं ठरवलंत. उरलेला चाळ मागणं ही तर सर्वांत उत्तम कल्पना, कारण पहिल्या वेचणीत बारीक दात हमखास मागे राहतात. फक्त चाळाबरोबर त्याची चिठ्ठी मागून घ्या: गाव, थर, तारीख, वाळलेल्या गाळाचं वजन, चाळणीचा आकार. ती नसेल तर मुलांनी काढलेला दात सुंदर दिसेल, पण त्याच्याबद्दल काही सांगता येणार नाही. दात औषधाच्या रिकाम्या कॅप्सूलमधे ठेवा आणि चिठ्ठी पेन्सिलने लिहा, शाई गोव्याच्या दमट हवेत पसरते. आणि वेचून झालेला चाळ टाकू नका. त्यात फोरॅमिनिफेरा (कवचवाले एकपेशी सूक्ष्मजीव), शंख, कानातले खडे सगळं असतं, दुसऱ्या वर्षीच्या मुलांना तोच डबा उघडून द्या.

रानवाट

मॅडम, चिखल वाळवायच्या दिवशी मी येतो. घमेली आणि ताडपत्री माझ्याकडे आहे.